खोडरबर, छत्रीची काडी आणि जुन्या पत्रिका: ठशांच्या भेटकार्डांचा खर्च आटोक्यात कसा ठेवायचा

प्रश्न असा आहे: परभणीकडच्या एका बचत गटाला संक्रांतीसाठी ठसे मारून २०० भेटकार्डं करायची आहेत. ऑनलाइन मिळणारे ठसे, रंगीत शाईचे पॅड, ॲक्रिलिकचे ठोकळे यांची यादी केली तर कार्डं विकून येणारा पैसा सामानातच जातो. घरी काय करता येईल, विकत काय घ्यावंच लागेल, आणि दिवाळीला केलेली बरीचशी कार्डं डागाळली ती कशामुळे?

ताईंनो, शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण खरा पैसा तिथेच जातो; डागांचं कारण पुढे लग्नपत्रिकांच्या भागात आहे. ठसा एकदा कोरला की शेकडो कार्डांना पुरतो, त्याचा खर्च कार्डामागे काही पैशांवर येतो. कागदाचं तसं नाही. एक छाप फसला की तो तुकडा गेला. त्यामुळे ठसा पाच रुपयांच्या खोडरबराचा असला तरी बिघडत नाही, पण कागद मोजून कापलेला हवा आणि छाप पहिल्या दाबात उठायला हवा.

माप पाकिटापासून ठरवा

ड्रॉइंग शीट किंवा कार्डशीट दुकानात बहुधा २२ बाय २८ इंचांची मिळते. घेताना टेप लावून बघा. पाव इंच कमी निघाली तरी पुढचा हिशेब कोलमडतो. या मापातून कातरण न उरता तीन प्रकारची कार्डं निघतात. ७ बाय ११ इंचांचे ८ तुकडे काढले तर घडी घातल्यावर ७ बाय साडेपाच इंचांचं मोठं कार्ड होतं. २२ इंचांचे ४ आणि २८ इंचांचे ३ भाग केले तर साधारण १४ बाय २३.७ सेंटिमीटरचे १२ तुकडे निघतात, म्हणजे घडीनंतर १४ बाय ११.८ चं कार्ड. आणि २२ चे ३, २८ चे ५ भाग केले तर १५ तुकडे. घडीनंतर जवळपास पोस्टकार्डाएवढं, १४ बाय ९ सेंटिमीटरच्या आसपास. तुमच्या २०० कार्डांना अनुक्रमे २५, १७ आणि १४ शीट लागतील. शीट ३० रुपयांची धरली तर पहिल्या मापात कार्डाचा कागद पावणेचार रुपयांना पडतो, तिसऱ्यात दोन रुपयांना.

पण फरक नुसता शीटचा नाही. पाकीट तिरक्या चौकोनातून करतात. कार्डाची लांबी आणि रुंदी मिळवायची, त्यात ८ मिलिमीटर ढिलाई धरायची, आलेल्या आकड्याला १.४ ने भागायचं आणि चिकटवण्यासाठी २ सेंटिमीटर वाढवायचे; ही झाली चौकोनाची बाजू. मधल्या कार्डासाठी ती जेमतेम २१ सेंटिमीटर येते, म्हणजे ए-फोर कागदाच्या रुंदीत बसते. मोठ्या कार्डाला २५ सेंटिमीटर लागतात, तिथे ए-फोर पुरत नाही आणि पाकिटासाठी वेगळी मोठी शीट आणावी लागते. विकायच्या कार्डांना मधलं किंवा लहान मापच परवडतं. ए-फोरमधून चौकोन काढल्यावर उरणारी पावणेनऊ सेंटिमीटरची पट्टी टाकू नका, त्यातून नावाच्या चिठ्ठ्या निघतात.

पाकिटाचा कागद विकत घ्यायची गरजच नाही. जुन्या कॅलेंडरची पानं, मासिकांची मुखपृष्ठं चालतात. पत्त्याच्या जागी पांढरा तुकडा चिकटवा. वर्तमानपत्र मात्र नको, त्याची शाई हाताला आणि आतल्या कार्डाला लागते. चौकोनात कार्ड तिरकं ठेवून चारही बाजूंना घडीच्या खुणा करा. घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे लहान त्रिकोणी खाच कापली नाही तर कोपऱ्यात कागद गोळा होतो आणि पाकीट फुगतं. चिकटवायला घरची खळ उत्तम: दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, उतरवताना चिमूटभर तुरटीची पूड. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, ती सोडा. मोरचूद विषारी आहे, आणि पाकिटाला जीभ लावणारे लोक अजून आहेत.

टपालाचंही गणित इथेच बघून घ्या. पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमपर्यंतचा असतो. २२० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला २२० ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं) मधलं कार्ड साडेसात ग्रॅमच्या आत भरतं, साध्या ए-फोर कागदाचं पाकीट साडेतीन ग्रॅम. म्हणजे सजावटीला ९ ग्रॅम उरतात. मोठं कार्ड पाकिटासकट १६ ग्रॅमवर जातं आणि वर जाडसर नक्षीचा तुकडा लावला की टप्पा ओलांडतो. टपालाने जाणाऱ्या कार्डावर मणी, टिकल्यांचे ढीग, आरसे लावू नका. टपाल कचेरीत तिकिटावर शिक्का आपटतो तेव्हा आतलं सगळं चुरतं.

घडी का फाटते

कागदाच्या तंतूंना एक दिशा असते, छपाईवाले तिला ग्रेन म्हणतात. शीट एकदा उभी आणि एकदा आडवी, न मोडता हलकी वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकते, ती घडी ग्रेनला समांतर. आडव्या ग्रेनवर घडी घातली की कणा खरबरीत होतो, रंगीत कार्डशीट असेल तर आतला पांढरा कागद दिसतो. ग्रेन २८ इंचांच्या दिशेने असेल तर ८ आणि १५ तुकड्यांच्या मापात घडी सरळ येते, १२ च्या मापात आडवी. २०० ते २२० जीएसएमला एवढं चालून जातं, त्याहून जाड कागदाला नाही.

घडी घालायच्या आधी रेघ दाबून घ्या. संपलेलं बॉलपेन किंवा स्वेटर विणायची सुई पट्टीला लावून, खाली वर्तमानपत्राच्या चार घड्या ठेवून, दोनदा ओढायची. कात्री किंवा ब्लेडने रेघ मारू नका, तंतू तुटतात. जिथे खाच पडली ती बाजू बाहेर आणि तिच्या मागे उठलेला उंचवटा कार्डाच्या आत, अशी घडी घाला. बहुतेक जण उलट घालतात आणि मग कागदाला दोष देतात.

लग्नपत्रिका, खोकी आणि कागजीपुऱ्याचा कागद

आपल्याकडे लग्नसराईत घराघरात पत्रिकांचा ढीग साठतो. कागद जाड, सोनेरी नक्षी आयती. अडचण एकच: गुळगुळीत लेप दिलेल्या कागदात ऑफिसच्या पॅडची शाई मुरत नाही, वर तरंगते आणि दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. दिवाळीची कार्डं डागाळायचं सगळ्यात संभाव्य कारण हेच. ओळखायची खूण सोपी आहे. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. मिनिटभर तो मण्यासारखा उभा राहिला तर त्या कागदावर पॅडची शाई चालणार नाही. अशा पत्रिकेचा उपयोग कार्डाचा पाया म्हणून करा आणि ठसा वेगळ्या साध्या ड्रॉइंग पेपरच्या तुकड्यावर मारून तो वर चिकटवा. यात आणखी एक फायदा आहे, छाप फसला तर तुकडाच जातो, घडी घातलेलं कार्ड नाही. दोनशे कार्डांच्या कामात नेहमी अशीच विभागणी ठेवा.

पत्रिकेवरचा गणपती कापून कचऱ्यात टाकायला कुणाचं मन होत नाही, आणि तो उलटसुलट कापलेला कार्डाच्या मागे दिसला तर घेणाऱ्यालाही रुचत नाही. तो भाग आधीच नीट कापून बाजूला ठेवा, वास्तुशांतीच्या किंवा मुंजीच्या कार्डाला उपयोगी पडतो. उरलेल्या सोनेरी पट्ट्या कार्डाच्या कडेला लावल्या की पैठणीच्या काठासारख्या दिसतात.

चहा, साबण, अगरबत्तीच्या खोक्यांची आतली करडी-तपकिरी बाजू शाई छान पिते. त्यावर पांढरा किंवा गेरूसारखा रंग खुलतो, निळी-जांभळी शाई मात्र मेलेली दिसते. साबणाच्या खोक्याचा वास आठवडाभर उघडं ठेवल्याशिवाय जात नाही.

खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद सुंदर असतो, पण अख्खं कार्ड त्याचं केलं तर हिशेब बसत नाही. पाच-सहा सेंटिमीटरचा फाडलेल्या कडेचा तुकडा साध्या कार्डावर लावला तरी पुरे. त्याचा पृष्ठभाग उंचसखल असल्यामुळे बारीक रेघांचा ठसा तुटक उठतो आणि पातळ शाई तंतूंवरून पसरते. छाप मारायची जागा आधी स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटून घ्या. पूर्वी लिहिण्याचा हातकागद दगडाने घोटून गुळगुळीत करत, त्यातलंच हे. आणि ठसा ठळक, भरीव आकाराचाच निवडा.

ठसा कोरणे

पांढरं, मऊ, एकजीव खोडरबर घ्या, ज्याची भुकटी न होता लांबट वळकटी पडते ते. लाल-निळं दुरंगी खोडरबर नको. त्याच्या निळ्या भागात खर असते, पातं बोथट होतं आणि कडा चुरगळतात.

चित्र बटर पेपरवर मऊ पेन्सिलने काढा, ४बी असेल तर बरं. तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासला की चित्र उलटं उतरतं आणि छाप सुलटा येतो. अक्षरांसाठी हे लक्षात ठेवाच. खोडरबरावर थेट ‘शुभ’ लिहून कोरलं तर कागदावर उलटं उमटणार. झेरॉक्सची ताजी प्रतही पालथी ठेवून मागून नेलपॉलिश रिमूव्हरचा ओलसर बोळा दाबला तर उतरते. पण रिमूव्हर जास्त झाला तर खोडरबराचा वरचा थर चिकट होतो, त्यामुळे बोळा पिळून घ्या. इंकजेट प्रिंटरची प्रत अशी उतरत नाही.

हत्यारं दोनच लागतात. एक ९ मिलिमीटरचा कटर, ज्याचं टोक दर दोन-तीन ठशांनंतर मोडून नवं घ्यायचं. दुसरं कोरणं. लिनो कटरचा संच मिळाला तर उत्तम, नाहीतर मोडक्या छत्रीची काडी काढा. ती पन्हळीसारखी वळवलेल्या पत्र्याची असते, म्हणजे आयतं इंग्रजी ‘यू’ आकाराचं कोरणं. सात-आठ सेंटिमीटरचा तुकडा तोडा, टोक तिरकं घासून सहाणेवर आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर धार लावा, मागच्या टोकाला जुन्या ब्रशची दांडी दोऱ्याने घट्ट बांधा. बारीक रेघांसाठी हे विकतच्या स्वस्त कोरण्याला मागे टाकतं.

आधी कटरने रेघेच्या बाहेरून काप द्यायचा, पात्याचं टोक बाहेरच्या बाजूला कलतं धरून, म्हणजे रेघ वर अरुंद आणि बुडाशी रुंद राहते. टोक आतल्या बाजूला कललं की रेघेचं बूड पोखरतं. पहिले दहा छाप छान येतात आणि नंतर कडा दुमडते. खोली रेघेजवळ दीड ते दोन मिलिमीटर, मोकळ्या जागेत तीन. मोकळी जागा उथळ राहिली तर छापात भटक्या रेघा उमटतात. वळणावर पातं फिरवू नका, खोडरबर फिरवा. आणि कोरणं कधीही खोडरबर धरलेल्या हाताच्या दिशेने ढकलू नका.

आकार साधे घ्या. पैठणीच्या पदरातला मोर एका खोडरबरावर बसवायचा म्हटला तर पिसांत जीव जातो. त्यापेक्षा एक कोयरी, एक पान, एक ठिपका असे तीन लहान ठसे करा. मोर, वेल, काठ, तोरण सगळं त्यातून जुळतं. ठिपक्यासाठी पेन्सिलीच्या मागचं रबर पुरतं. दीड सेंटिमीटरची एकच बुट्टी ओळीने मारली आणि पुढची ओळ अर्ध्या अंतराने सरकवली की हिमरूच्या शालीसारखी भरगच्च पार्श्वभूमी तयार होते. संक्रांतीला पतंग आणि सुगड, येळवशीला (वेळ अमावास्येला) ज्वारीचं कणीस, एरवी कापसाचं बोंड. हे आकार दुकानातल्या परदेशी ठशांत मिळत नाहीत, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच उचलतं.

‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ एवढा मजकूर मात्र कोरायच्या भानगडीत पडू नका. सेंटिमीटरपेक्षा लहान देवनागरी अक्षरात वेलांट्या तुटतात आणि ‘घ’, ‘ळ’ बुजतात. तहसील कचेरीसमोर रबरी शिक्के करणारा असतोच, त्याच्याकडून नायलॉनचा शिक्का करून घ्या. इथे पैसे वाचवायची युक्ती अशी की एकच शिक्का न सांगता एका मोठ्या चौकोनात चार-पाच मजकूर मांडून द्या (तिळगूळ, शुभ दीपावली, वाढदिवसाच्या शुभेच्छा, प्रेषक, गटाचं नाव), दांडी न लावता नुसती पट्टी मागा आणि घरी कापा. शाई आत भरलेला शिक्का घेऊ नका. त्यात एकच रंग राहतो आणि कार्डाला तो उपयोगाचा नाही. मजकूर फाँटच्या फाइलमध्ये नेऊ नका, दुकानातल्या संगणकावर तो फाँट नसला की अक्षरांची भेळ होते. ६०० डीपीआयचं (इंचाला ६०० ठिपक्यांचं) निव्वळ काळं-पांढरं चित्र किंवा पीडीएफ द्या, रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको, करडी छटा अजिबात नको.

मोठ्या भरीव आकारांसाठी सायकलची जुनी ट्यूब आहे. आतली पावडर साबणाने धुवा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, कात्रीने आकार कापा. लाकडाच्या ठोकळ्यावर आणि रबरावर दोन्हीकडे फेविबॉन्ड लावा, दहा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबून बसवा. ओलं असतानाच बसवलं तर रबर सरकतं. हवाई चपलेचा जुना तळवा, गुंडाळलेला सुतळीचा ठोकळा, पन्हळी खोक्याचा पुठ्ठा यांच्या पार्श्वभूम्या छान येतात. क्राफ्टच्या फोम शीटचा तुकडा बटर पेपरखाली ठेवून इस्त्रीने पाच-सात सेकंद गरम केला आणि लगेच जाळीवर किंवा नक्षीच्या वाटीवर दाबला तर त्या नक्षीचाच ठसा होतो.

भेंडीचा आडवा काप, अर्धा कांदा, पत्ताकोबीचा उभा काप हे मुलांसोबत करायला ठीक. विकायच्या कामाला नाही. कापाचं पाणी शाईत उतरतं आणि वीसेक छापांनंतर आकार मऊ पडतो. करायचंच तर काप कागदावर पालथा घालून पंधरा मिनिटं निथळू द्या आणि पॅडऐवजी पोस्टर कलर वापरा.

विकतचे पारदर्शक ठसे कुणाकडे असतील तर ॲक्रिलिकचा ठोकळा घेऊ नका. मिठाईच्या डब्याचं जाड पारदर्शक झाकण किंवा सीडीची डबी चालते. ठसा चिकटेनासा झाला की साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवा. टॉवेलने पुसला की धागे चिकटतात.

शाई

ऑफिसचा स्टॅम्प पॅड स्वस्त आणि साध्या कागदावर उत्तम. त्याची मर्यादा ही की शाई पाण्याने पसरते. काळ्या पॅडने बाह्यरेषा छापून आत जलरंग भरले तर जांभळट-करडा चिखल होतो. रंगीत पेन्सिली वापरा, किंवा एकच काळा वॉटरप्रूफ पॅड विकत घ्या. विकतच्या यादीत माझ्या मते हा, चांगला कटर आणि स्टीलची पट्टी एवढंच हवं.

बाकीचे रंग घरी होतात. झाकणाच्या चपट्या डबीत नमद्याचे किंवा जाड बनियनच्या कापडाचे तीन थर घाला, वरून मलमल ताणून बसवा. एक चमचा पोस्टर कलर, चार-पाच थेंब ग्लिसरीन, दोन थेंब फेविकॉल एमआर हे दाट ताकासारखं कालवून पसरवा. ग्लिसरीनमुळे रंग लवकर वाळत नाही, फेविकॉलमुळे वाळल्यावर बोटाला लागत नाही. ग्लिसरीन जास्त झालं तर कार्ड दोन दिवसांनीही चिकट राहतं आणि एकावर एक रचल्यावर छाप वरच्या कार्डाच्या पाठीवर उतरतो. हंगाम पाहून प्रमाण बदला. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत रंग डबीतच सुकतो, तेव्हा सात-आठ थेंबही लागतील. पावसाळ्यात दोन पुरे. हळदीचा रंग मोहक दिसतो पण उन्हाने उडतो, कुंकू हाताला लागतं. दोन्ही टाळा.

विकतचा पॅड कोरडा पडला की त्यात पाणी घालायची सवय मोडा. रंग फिका पडतो आणि बुरशी येते. त्याच रंगाची पॅडची शाई पंधरा-वीस थेंब चहूकडे टाकून रात्रभर झाकून ठेवा. एरवी पॅड पालथा ठेवायचा, शाई पृष्ठभागाशी राहते.

एकाच ठशात अनेक रंग हवे असतील तर सगळ्यात स्वस्त सामान म्हणजे मुलांची स्केच पेनं. रबरावर थेट रंगवा, गडद रंग शेवटी, मग तोंड जवळ नेऊन ‘हा’ करून वाफ द्या आणि लगेच दाबा. आपल्या कोरड्या हवेत रंग लावता लावताच वाळतो, म्हणून वाफ विसरली तर अर्धाच छाप उठतो. फिक्या पेनाचं टोक गडद रंगाला लागलं तर चिंधीवर पुसून घ्या.

छाप

छाप मधोमध फिका येतो, कारण टेबल कडक असतं. कार्डाखाली वर्तमानपत्राचे आठ-दहा कागद किंवा जुना माऊस पॅड ठेवा. दुहेरी छाप येतो तो ठसा डोलवल्याने. सरळ खाली, दाब, सरळ वर. कडेला चौकटीची रेघ उमटते कारण खोडरबराचे कोपरे कापलेले नसतात. ते आकाराजवळून तासून टाका. बारीक नक्षी बुजते कारण शाई जास्त झाली. ठसा पॅडवर दाबायचा नसतो, तीन-चारदा हलके टेकवायचा; मोठा ठसा असेल तर तो उलटा धरून पॅडच त्यावर टेकवायचा. पोस्टर कलर असेल तर गादीच्या फोमच्या तुकड्याने थोपटून लावा. भांडी घासायचा स्पंज नको, त्याची भोकं छापात दिसतात.

दर वेळी शाई लावायलाच हवी असं नाही. पहिल्या गडद छापानंतर त्याच शाईत दुसरा, तिसरा छाप मारला की फिकट होत जाणारे पतंग मिळतात, पुढचा जवळ आणि मागचा लांब असल्यासारखे. आणखी खोली हवी तर मास्क करा: बिलाच्या पातळ कागदावर तोच ठसा मारून कापून घ्या, कार्डावरच्या वाळलेल्या छापावर तो झाकून शेजारचा ठसा थोडा वर चढवून मारा. झाकण उचललं की एक पतंग दुसऱ्याच्या मागे जातो. मास्क हलू नये म्हणून सेलोटेपचा तुकडा आधी कपड्यावर दोनदा चिकटवून त्याची पकड कमी करा, नाहीतर कागदाची साल निघते.

दोनशेच्या कामात एका बाईने एकच ठसा धरावा. सगळे तुकडे एका रंगात छापून पसरवायचे, मग दुसरा रंग. किमान अर्धा तास एकावर एक रचायचे नाहीत.

सोनेरी उठावाची पूड, म्हणजे एम्बॉसिंग पावडर, वापरायची तर हीट गन लागत नाही. छाप ग्लिसरीन मिसळलेल्या शाईने मारा, लगेच पूड टाका, घडी घातलेल्या कागदावर झटकून उरलेली पूड डबीत परत घाला. मग कॉटनवर तापवलेल्या इस्त्रीच्या तळाला कार्डाची मागची बाजू दहा-पंधरा सेकंद लावून धरा, चिमट्याने. पूड वितळून चकाकली की काढा. जास्त धरलं तर कागद तपकिरी होतो. केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही, तो पूड उडवतो आणि पुरेसा तापतही नाही. आपल्या थंडीतल्या कोरड्या हवेत कागदावर स्थिर वीज असते, म्हणून पूड नको तिथे चिकटते. जुन्या मोज्यात दोन चमचे टाल्कम बांधून छापाआधी ती पुरचुंडी कागदावर हलकी फिरवा.

तुकडा कार्डावर चिकटवताना फेविकॉल भरभरून लावू नका. त्यातलं पाणी कागदात शिरतं आणि कार्ड तव्यावरच्या पापडासारखं वळतं. पुठ्ठ्याच्या कडेने पातळ ओढा, वर जाड वह्या ठेवून अर्धा तास दाबा, किंवा चारही कडांना दुतर्फी टेप लावा. सजावटीला शिंप्याकडची काठाची कातरणं मागून आणा. कॅलेंडरवरचे मोठे आकडे कापून ठेवा, पन्नाशी-साठीच्या कार्डाला आयते होतात.

ठसे जपणे

काम झालं की लगेच जुना टूथब्रश आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. पोस्टर किंवा ॲक्रिलिक रंग एकदा खाचेत वाळला तर निघत नाही. पॅडची जांभळी शाई रबर रंगवते, पण छापाला त्याचा त्रास नाही, घासत बसू नका. थिनर, पेट्रोल, खोबरेल तेल यांपैकी काहीही लावायचं नाही. पहिल्या दोघांनी ठसा फुगतो, तेलाने पुढची शाई धरत नाही.

खोडरबराचे ठसे प्लास्टिकच्या डबीत उघडे ठेवले तर महिन्याभरात डबीला चिकटून वितळल्यासारखे होतात, कारण त्या रबरातलं मऊपणा आणणारं द्रव्य प्लास्टिकमध्ये शिरतं. प्रत्येक ठसा वहीच्या कागदात गुंडाळा, वर त्याचाच छाप मारा म्हणजे न उघडता ओळखू येईल, आणि सगळे पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात घालून फडताळाच्या खालच्या कप्प्यात ठेवा. वरच्या कप्प्यात, छताच्या पत्र्याजवळ, मे महिन्यात सायकलच्या ट्यूबचेही ठसे तडकतात.